ओले धान्य वर ठेवा

मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग हदीसमध्ये आला आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, पण आत बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे पैगंबरांनी त्याला सुनावले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, हेही बजावले. धान्य विकू नकोस, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

रमजानच्या बयानांत हा किस्सा नेहमी ऐकायला मिळतो. यंदा तो चिखलदऱ्यातल्या शीतपेयाच्या फ्रीजसमोर उभे राहून आठवावा. परतवाड्याहून घाट चढून माल येतो आणि देवी पॉइंटच्या टपरीपासून मेळघाटातल्या आतल्या गावांच्या किराणा दुकानांपर्यंत रंगीत बाटल्या पोचतात. दहा रुपयांत 200 मिलिलिटर. साखरेच्या नेहमीच्या कोला पेयात 100 मिलिलिटरला साधारण 10 ग्रॅम साखर असते. म्हणजे या लहान बाटलीत 20 ग्रॅम, चहाचे चार चमचे, सुमारे 80 कॅलरी. दिवसाला 2,000 कॅलरी लागणाऱ्या प्रौढाने वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 च्या आत असेल तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका कपात कोणी चार चमचे साखर घालून दिली तर तो चहा आपण परत करू. बाटलीत ती कळत नाही, कारण गारव्याने आणि आंबटपणाने गोडी झाकली जाते. चिखलदऱ्याची रबडी निदान आपण काय आहोत ते लपवत नाही!

आकडा बाटलीवर छापलेला असतोच, असे कोणी म्हणेल. असतो, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत. म्हणजे आतच. विक्रीच्या जागी कॅलरी दाखवण्याचा नियमही देशात आहे. 2020 च्या लेबलविषयक नियमावलीत तो आला आणि जुलै 2022 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पण तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यगृहांपुरता. घाटावरची टपरी त्यात बसत नाही. सीबीएसईने मे 2025 मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, ते त्या मंडळाच्या शाळांना. मेळघाटातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा त्यात येत नाहीत. त्याच वर्षी जुलैत नागपूरच्या एम्समध्ये तेल-साखरेचे फलक लागणार अशी बातमी आली आणि सामोसा-जिलेबीवर सिगारेटसारखे इशारे येणार, अशी आवई उठली. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापण्याचा आदेश नाही, असा खुलासा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला करावा लागला. आठवडाभर देश जिलेबीच्या अब्रूसाठी भांडला. बाटलीचे कोणी नाव काढले नाही.

इफ्तारच्या दस्तरखानालाही या हिशेबातून सूट नको. दिवसभराच्या तहानेनंतर खजूर आणि पाणी एवढ्यावर थांबणारे थोडे. लाल शरबताचा जग फिरतो, मग थंड बाटली उघडते, आणि नाही म्हणणाऱ्या पाहुण्याला आग्रह होतो. देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून 2023 मध्ये पुढे आला. त्यांतले कितीतरी जण रोजाही ठेवतात. चाचांच्या पेल्यात किती चमचे गेले, हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मात्र फलकावर नुसती कॅलरी लिहून भागणार नाही, मेळघाटात तर नाहीच. जिथे कुपोषणाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा चालू आहे, तिथे ‘80 कॅलरी’ वाचून आई म्हणेल, चला, पोराला ताकद मिळेल. आकडा खरा आणि समज उलटा. म्हणून साखर चमच्यांत सांगावी. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी गरीब वस्त्यांतल्या कोपऱ्यावरच्या दुकानांत असे फलक लावून पाहिले : या बाटलीत 16 चमचे साखर, ती जिरवायला पाच मैल चालावे लागेल. किशोरवयीन मुलांची गोड पेयांची खरेदी त्यानंतर कमी झाली. परिणाम सगळीकडे एवढा दिसत नाही; उपाहारगृहांतल्या कॅलरी-फलकांनी फरक पडतो तो थोडाच, असे मोठे आढावे सांगतात. शिवाय मैलांची भाषा मोटारीने आलेल्या पर्यटकाला ठीक. रोज डोंगर तुडवणाऱ्या कोरकू मुलाला ती सांगणे ही थट्टाच. त्याच्यासाठी फलकावर दुसरी ओळ हवी : याच दहा रुपयांत एक अंडे किंवा मूठभर फुटाणे.

आता खर्चाचा प्रश्न. त्याचे ओझे टपरीवाल्यावर टाकण्याचे कारण नाही. त्याला फ्रीज बहुतेकदा कंपनीच देते आणि दुकानाच्या पाटीवरही कंपनीचेच नाव मोठे असते. त्याच फ्रीजच्या दारावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि कोरकू बोलीत ‘चार चमचे साखर’ एवढे छापायला कंपनीला वेगळा रंगारी लागणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने तशी अट घालावी. चिखलदरा नगरपरिषदेने पर्यटनस्थळांवरच्या दुकानांपासून सुरुवात करावी, उन्हाळ्याची गर्दी घाट चढायच्या आत.