‘येतो’ म्हणण्यापूर्वी

फेब्रुवारी सरत आला की मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. गाव नाना फडणवीसांचं; पण पाहुण्यांना नानांशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांना पाहायची असतात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं. सकाळ-संध्याकाळ कासवमित्र जाळीच्या कुंपणात शिरून घरट्यांवरच्या टोपल्या उचलतात. पिल्लं निघाली असली तर ती पाण्यापासून थोडी लांब, वाळूवर सोडतात. पर्यटक दोरीच्या अलीकडे, मोबाइलचा फ्लॅश बंद.

कधी टोपलीखाली नुसती वाळूच असते.

मग निघायच्या दिवशी पडवीत हिशेब होताना ठरलेला सूर लागतो. ‘एवढ्या लांबून आलो, काहीच दिसलं नाही, थोडं कमी करा की!’ जणू ज्यांच्या घरी उतरले, जेवले, त्या मावशींनी तिकीट फाडून सिनेमाच दाखवला नाही. आदल्या रात्री याच मंडळींनी उकडीचे मोदक मागून मागून घेतलेले असतात, ती गोष्ट वेगळी.

ही घासाघीस नेमकी कशावर चालते, हे पाहायला हवं. पूर्वी या किनाऱ्यावरची कासवांची अंडी पळवली जात. खाल्ली जात, विकलीही जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे काही वर्षांत कासव महोत्सव उभा राहिला. पाहुण्यांनी गावातल्याच घरांत उतरायचं, तिथंच जेवायचं, अशी त्याची रीत. अंडं बाजारात नेण्यापेक्षा वाळूत राहू दिलं तर गावाच्या पदरात अधिक पडतं, हा हिशेब त्यातून जमला. म्हणजे जेवणाच्या पैशांत राखणीचाही वाटा आहे. त्यातले शंभर रुपये कापणारा पर्यटक मावशींचेच कापतो असं नाही.

पिल्लू दिसलं नाही, यात तर कोणाचाच दोष नाही. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात, वाळूच्या उष्णतेनुसार थोडे मागेपुढे. शनिवार-रविवारची सुट्टी कासवाला ठाऊक नसते.

पाहुण्याच्या पैशांत राखणीचाही वाटा असतो, ही गोष्ट भूताननं सरकारी पावतीवर आणली. तिथे भारतीय पर्यटकाला दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. बहुतेक परदेशी पाहुण्यांना २०२३ पासून १०० डॉलर, त्याआधी २०० होतं. आपली मंडळी कुरकुरतात, पण भरतात. वेळासच्या वेशीवर असा कोणी पावतीपुस्तक घेऊन बसलेला नाही. तिथे सगळं पाहुण्याच्या दानतीवर, आणि दानत म्हणजे जाताना पोरांच्या हातावर चॉकलेटं ठेवणं नव्हे. यजमान भीक मागायला बसलेले नाहीत. त्यांनी काम केलेलं आहे.

निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेवढा शब्द उच्चारायचा असेल, तर येत्या हंगामात वेळासला जाणाऱ्यांनी पिल्लं दिसोत न दिसोत, ठरलेली रक्कम पूर्ण द्यावी. आणि सोबत नेलेल्या पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं गाडीत टाकून परत घरी आणावीत. ती उचलायला तिथे महापालिकेची घंटागाडी येत नाही.