खेळाची कला खेळण्यात

व्हिडिओ गेमला कला म्हणावे का, हा वाद निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: खेळ म्हणजे पोरांचा वेळ घालवण्याचा उद्योग, त्यात कला कसली? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. पैठण तालुक्यातल्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी सापशिडीचा पूर्वज मोक्षपट रचला, असे परंपरा सांगते. तो खरोखर कुणी रचला हे संशोधकांनी ठरवावे. जुने पट मात्र उपलब्ध आहेत. त्यांवर घरांना गुण-अवगुणांची नावे आहेत. सद्गुण शिडीने वर नेतो, दुर्गुणाचा साप खाली आणतो आणि शेवटी मोक्ष. हाच उपदेश कीर्तनातही ऐकायला मिळतो, पण पटावर तो भोगावा लागतो. शेवटचे घर हाकेच्या अंतरावर असताना पडलेले दान आपल्याला सापाच्या तोंडी देते, तेव्हा पतन म्हणजे काय हे सांगायला बुवा लागत नाही. आज बाजारातल्या पटावर नुसते आकडे उरले आहेत. नियम तेच, पण नावे गेली आणि अर्थही गेला. खेळातली कला नियम आणि आशय यांच्या जोडीत असते, ती अशी.

अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 2010 मध्ये याच्या उलट बाजू मांडली होती. खेळात नियम असतात, गुण असतात, तो जिंकता येतो. कला जिंकायची नसते, अनुभवायची असते. आक्षेप वजनदार आहे, पण 2013 चा ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम पाहावा. यात आपण एका हुकूमशाही देशाच्या नाक्यावरचे कारकून. जितक्या प्रवाशांची कागदपत्रे बिनचूक तपासू, तितका पगार. त्यातच घरच्यांचे अन्न, औषध आणि शेकोटी भागवायची. एका नवऱ्याचे कागद चोख, मागे उभ्या बायकोचे अपुरे. तिला आत सोडले तर चूक आपल्या नावावर लागते. शिक्का आपल्याच हातात असतो. नाटकात अशा कारकुनाला आपण खुर्चीत बसून दोष देतो. इथे पगाराचा हिशेब मनात घोळत असताना नकार आपणच देतो. ईबर्ट ज्याला अडथळा मानतात, त्या गुणांच्या हिशेबातूनच हा अनुभव घडतो.

बहुतेक गेम निव्वळ धंदा असतात, हेही खरे. तसे बहुतेक सिनेमेही असतात. त्यावरून कोणी सिनेमाला कलेतून वगळत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली, पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्‌स वेगळे ठेवले. सरकारला कळलेला हा फरक घरोघरी अजून पोहोचायचा आहे. पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा गेम 2020 मध्ये आला; पहाडी शैलीची चित्रे आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा यांमुळे तो देखणा झाला. पण त्याला कला ठरवायला तेवढे पुरेसे नाही. त्यातल्या, धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ओढ लढाईच्या नियमांत किती उतरली, हे तपासायला हवे. नाटक-सिनेमाची परीक्षणे छापणाऱ्या मराठी वृत्तपत्रांनी आता गेमचीही परीक्षणे छापावीत, आणि पडद्यावर काय दिसते याआधी खेळणाऱ्याला काय करायला लावले, हे विचारावे.