दुरुस्तीनंतरचा काटा

रेडिएटर दुरुस्त होऊन आल्यावर जुन्या ट्रॅक्टरचा काटा मधोमध चढला, की परभणीकडील कित्येक शेतकरी बंधू घाबरतात व मिस्त्रीकडून थर्मोस्टॅटच काढवून घेतात. ही चूक होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. डिझेल इंजिनाच्या पाण्यास साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस उष्णता हवीच. थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळते, ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते आणि सिलिंडर लवकर झिजतो. वैशाखातील नांगरटीत काटा किंचित चढून स्थिरावल्यास चिंता नसावी; चढतच गेल्यास मात्र काम थांबवावे, पण गरम झाकण उघडू नये. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरात क्षार साचतात. त्याऐवजी कुलंट घालावे. लहानशा थर्मोस्टॅटापायी सबंध इंजिन गमावणे, हा कोणता हिशेब?