अपस्मार आणि आळसाचा आरोप

अपस्मार जडलेला एक विद्यार्थी धडे विसरे; आम्हीं त्यास आळशी ठरविलें. ती आमची चूक होती.

१९८३ सालीं उंदरांस पायलोकार्पीन टोंचून हा विकार उत्पन्न करण्याची रीत प्रसिद्ध झाली. पुढील अनेक प्रयोगांत अशा उंदरांस हौदांत पाण्याखालीं दडविलेला चौथरा वारंवार शिकवूनही लवकर सांपडेना. कित्येक सोबत्यांत कमी मिसळत. ताणाच्या वेळीं शरीरांत वाढणाऱ्या द्रव्यानें झटक्यांची प्रवृत्ति बळावते, असेंही अन्य प्रयोगांत दिसलें.

उंदरांस कोणी आळशी म्हणून हिणवीत नाहीं. मग विस्मरण व एकलेपण हे स्वभावदोषच कसे? त्यांचें मूळ मेंदूंतही असूं शकतें.

यास्तव, पालकहो, धडा पुन्हां सांगा. विद्यार्थ्यांनो, अशा सोबत्यास खेळांत घ्या. औषध डॉक्टर देतील. धाक व उपहास टाळणें आपल्याच हातीं आहे.