घटस्थापनेपर्यंत मुदत

खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, डोणजे आणि गोऱ्हे या पट्ट्यात घरं, प्लॉट, फार्महाऊस विकणाऱ्या सर्वांना आणि त्यांच्या फलकांवरचा मजकूर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा जाहीर इशारा आहे.

इशारा हा शब्द आमच्याकडे जपून वापरतात. पावसाळ्यात धरण भरत आलं की पाटबंधारे खात्याचा निरोप येतो : मुठेच्या पात्रात अमुक वाजता इतके क्युसेक्स पाणी सोडणार आहोत, पात्रात उतरू नका, जनावरं आणि गाड्या हलवा. वेळ, आकडा, जागा. विशेषण एकही नाही. २५ जुलै २०२४ ला हा आकडा ३५ हजारांच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. तेव्हा रहिवाशांची तक्रार हीच होती की आम्हाला वेळेत, नीट सांगितलं नाही. त्याआधी १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासल्याची भिंत गेली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. ज्या नदीकाठी एका स्पष्ट वाक्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, त्याच नदीला तुम्ही ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून चौरस फुटाच्या भावाने विकता. पूररेषा कुठून जाते हे फलकावर कुठेच नसतं.

‘लेक टच’ घ्या. इंग्रजांच्या दप्तरी या जलाशयाचं नाव ‘लेक फाइफ’ होतं. आम्ही त्याला धरण म्हणतो, कारण ते धरण आहे. यात जेमतेम १.९७ टीएमसी पाणी मावतं. पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी इथेच येतं आणि इथूनच पुण्याच्या नळांना जातं. ‘लेक टच’ म्हणजे त्या पिण्याच्या पाण्याला खेटून उभं राहणारं बांधकाम. त्याचं सांडपाणी कुठे जाणार, ते फलकावर लिहा. ते लिहिता येत नसेल, तर ‘टच’ हा शब्द आधी उतरवा.

‘चोवीस तास शुद्ध पाणी’ या चार शब्दांबद्दल तर आमची सहनशक्ती संपली आहे. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं ३० जून २०२१ ला महापालिकेत आली. साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, याच गावांत आणि शेजारच्या धायरीत गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. हातपाय लुळे पडलेली, श्वासासाठी यंत्रावर ठेवलेली माणसं आमच्या गल्ल्यांमधली होती. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि संशयाचं बोट दूषित पाण्याकडे गेलं. धरणाच्या पायथ्याशी राहणारी माणसं पाणी उकळून पीत होती, टँकरची वाट बघत होती, आणि समोरच्या फलकावर ‘शुद्ध’ हा शब्द दिव्यांच्या झोतात उभा होता. पाणी कुठून येतं, कुठे शुद्ध होतं, कोणत्या प्रयोगशाळेने कधी तपासलं, हे छापा. ‘शुद्ध’ आम्ही वाचणार नाही.

‘हाकेच्या अंतरावर’ ही चांगली, जुनी मराठी होती. बांधावरून हाक मारली की शेजारच्या शेतातला माणूस ओ देई, तेवढं ते अंतर. धरणापासून स्वारगेट सुमारे १५ किलोमीटर आहे. रविवारी संध्याकाळी धरणाच्या चौपाटीवरच्या भजी-कणसाच्या गर्दीतून रुग्णवाहिका बाहेर काढून दाखवा, मग ‘अवघ्या २० मिनिटांवर’ लिहा. अंतर किलोमीटरमध्ये छापा.

माझ्या चुलतबहिणीने ‘एन.ए. होणारा’, म्हणजे पुढे कधीतरी बिगरशेती होणारा, प्लॉट घेतला. कोणाकडून, ते इथे लिहीत नाही. तीन वर्षं हप्ते भरल्यावर तिच्या हाती आला तो अकरा जणांची सामाईक नावं असलेला सातबारा. ‘होणारा’ या एका शब्दात तिच्या नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे अडकले आहेत. झालेलं आणि होणारं यांतला फरक ज्याला कळतो, त्यानेच तो जाणूनबुजून पुसला.

आता मागणी. घटस्थापनेपर्यंत, म्हणजे दसऱ्याच्या बुकिंगचे फलक चढण्याआधी, ‘लेक टच’, ‘शुद्ध’, ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘वर्ल्ड क्लास’, ‘प्रीमियम’ हे शब्द उतरवा, किंवा प्रत्येकाशेजारी त्याचा पुरावा तितक्याच मोठ्या अक्षरांत छापा. कोपऱ्यातली चांदणी आणि मुंगीएवढं ‘अटी लागू’ हा पुरावा धरला जाणार नाही. महारेराची नोंदणी लागते तिथे नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड ठळक दिसला पाहिजे.

मुदत टळली तर काय, तेही ऐका. फलकाला आम्ही हात लावणार नाही, काळं फासणार नाही. फोटो काढू, तारीख, जागा, शब्द नोंदवू आणि तक्रारी करू. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, आणि व्यवहार सोडायचा असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मिळते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. फलकावर हसणाऱ्या मालिकेतल्या चेहऱ्यांनीही हे वाचावं, कारण तो दंड त्यांनाही होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ असे शब्द पुराव्याशिवाय वापरू देत नाहीत. महापालिकेच्या हद्दीतल्या फलकाला परवाना आहे की नाही, हे तिच्या आकाशचिन्ह विभागाला विचारलं जाईल. ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आजच फोन करावा, घटस्थापनेची वाट बघू नये.

मजकूर लिहिणाऱ्या मुला-मुलींनो, तुमच्यातली बरीच जणं आमच्या शाळांतून शिकून गेली आहेत. पगार तुम्हाला मालक देतो हे कळतं. पण ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहिताना ती टेकडी फोडलेली आहे हे तुम्ही जागेवर जाऊन पाहिलेलं असतं. हे यापुढे चालणार नाही. मालकाला सांगा की लोक आकडे मागताहेत.

आणि गावकऱ्यांनो, आपल्याच फ्लेक्सवरचे ‘कार्यसम्राट’ आणि ‘विकासपुरुष’ याच मुदतीत खाली आले पाहिजेत. कोणता रस्ता, किती मीटर, कोणत्या साली केला, एवढं लिहा. काहीच केलं नसेल तर वाढदिवसाच्या शुभेच्छा पुरे.

फोटो येत्या रविवारपासून काढले जातील. सुरुवात धरणाच्या भिंतीसमोरच्या फलकापासून होईल.