सिंह झोपला होता आणि आम्ही टीम बांधत होतो

लेकीनं बजावलंय, "आई, काय लिहायचं ते लिही, पण कंपनीचं नाव घालू नकोस." म्हणून नाव नाही. जोहान्सबर्गमधली एक कंपनी आहे, गाड्यांचे सुटे भाग विकते, एवढं पुरे. नाव कळून तुम्हाला उपयोगही नाही, कारण ही तऱ्हा एकाच कंपनीची नव्हे. तुमच्या घरातली सून, भाचा, पुतण्या, कोणी ना कोणी असल्या सहलीला जाऊन आलेलं असणार. कोणी लोणावळ्याला, कोणी गोव्याला. आमची लेक गेली ती थेट वाघसिंहांत. (आफ्रिकेत वाघ नसतात हे मला ठाऊक आहे. नातवानं ती चूक पहिल्याच दिवशी सुधारली.)

गोष्ट २०२४च्या ऑगस्टमधली. मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले होते. जावई कामासाठी केपटाउनला, घरी सात वर्षांचा नातू. ९ ऑगस्टला शुक्रवार होता आणि तिकडे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, महिला दिनाची. आपला ८ मार्चचा नव्हे. १९५६ साली याच तारखेला सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियाला सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, काळ्या माणसाला पदोपदी पास दाखवायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध. त्या बायकांनी कमावलेली ही सुट्टी. शनिवार-रविवार धरून तीन दिवस सलग मिळणार होते. त्यात आपली नागपंचमी आणि श्रावणातला पहिला शुक्रवारही त्याच दिवशी. म्हटलं, नातवाला ओवाळीन, पुरणाचे दिंड करीन.

कंपनीनं नेमके तेच तीन दिवस टीम बिल्डिंगसाठी उचलले. म्हणजे कामाचा एकही दिवस बुडायला नको! मेलच्या शेवटी 'सहभाग ऐच्छिक' असं लिहिलं होतं. मी भाबडेपणानं म्हटलं, "ऐच्छिक आहे तर नको ना जाऊस." ती माझ्याकडे बघून नुसती हसली. हा 'ऐच्छिक' शब्द लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे.

घरच्यांना स्वखर्चानं आणायची मुभा होती, म्हणून मी आणि नातू शेपटासारखे मागे लागलो. ठिकाण पिलानेसबर्ग. जोहान्सबर्गहून बसनं साधारण अडीच तास. फार फार पुरातन, विझलेल्या ज्वालामुखीच्या जागी डोंगरांची गोल कडी आहे, मधे मांक्वे नावाचा तलाव, आणि कडेला ते सन सिटी. १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा तिथे शेतं होती, गुरं होती, बाखात्ला लोकांची वस्ती होती. माणसं उठवली आणि सुमारे सहा हजार जनावरं बाहेरून आणून सोडली. उठवलेल्या माणसांबद्दल आमच्या कार्यक्रमपत्रिकेत अर्थातच अवाक्षर नव्हतं. असो.

बसमध्ये चढतानाच सगळ्यांना एकसारखे टीशर्ट मिळाले. छातीवर कळपाचं चित्र आणि आपण सारे एक कळप आहोत अशा अर्थाचं वाक्य. छत्तीस वर्षं मुलांना 'रांगेत उभे राहा' सांगण्यात घालवली, तरी पोरांना तुम्ही कळप आहात असं काही मी कधी म्हटलं नाही.

मग सुरू झालं ते ढोल प्रकरण. गोल करून बसायचं, दोन गुडघ्यांत ढोल धरायचा आणि ट्रेनर सांगेल तसा बडवायचा. आफ्रिकेचं हृदय एका ठेक्यात कसं धडधडतं वगैरे भाषण झालं. तो ढोल म्हणजे जेंबे. तो माली, गिनीकडचा, पश्चिम आफ्रिकेतला. इथून हजारो किलोमीटर लांब. म्हणजे आपल्याकडे काश्मीरचा संतूर आणून कोल्हापुरात लावायचा आणि इथल्या मातीचा सूर म्हणायचं. लेकीच्या शेजारी स्थानिक त्स्वाना मुलगी बसली होती. ती ढोल वाजवताना जी तोंड दाबून हसत होती, त्यावरून मला कळलं की हा कार्यक्रम तिच्यासाठीही माझ्याइतकाच परका आहे.

डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांचा हात धरून चालणं झालं. मागे न बघता पडायचं आणि सहकाऱ्यानं झेलायचं, तेही झालं. याला म्हणे विश्वास निर्माण होणं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उघड्या गाडीतून जनावरं बघायला. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा, गवत वाळलेलं, म्हणून जनावरं चांगली दिसतात आणि आपले दात वाजतात. एवढ्या सुंदर सकाळीही यांची स्पर्धा! कोणत्या गाडीला 'बिग फाइव्ह' आधी दिसतात, सिंहाला इतके गुण, गेंड्याला इतके. हा 'बिग फाइव्ह' शब्दच मुळात शिकाऱ्यांचा. पायी शिकार करायला सर्वांत धोकादायक ते पाच. आता बंदुकीऐवजी गुणपत्रिका आली, एवढाच फरक. जिराफाला शून्य गुण होते, म्हणून आमची गाडी जिराफापाशी थांबलीच नाही. नातू मान वळवून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

आणि मग सिंह. आदल्या रात्री ट्रेनरनं पडद्यावर दाखवलं होतं ते सुप्रसिद्ध वचन, की रोज सकाळी हरणालाही पळावं लागतं आणि सिंहालाही, तेव्हा तुम्ही कोणीही असा, उजाडलं की पळत सुटा. प्रत्यक्षात आमचा सिंह एका झुडपाखाली चारी पाय वर करून झोपला होता. गाइडनं सांगितलं, सिंह दिवसातले अठरा-वीस तास नुसता लोळतो. शिकारीचं बरंचसं काम सिंहिणी करतात आणि त्यांचेही निम्म्याहून अधिक प्रयत्न फसतात. नातू मोठ्यानं म्हणाला, "आजी, हा तर पळतच नाही." मागच्या सीटवर ट्रेनर होता. तो म्हणाला, विश्रांतीसुद्धा नेतृत्वाचा भाग आहे. ज्या माणसांची तीन दिवसांची विश्रांती नुकतीच काढून घेतली, त्यांच्यासमोर हे म्हणाला!

आता मूळ दुखण्याकडे येते. त्या बसमध्ये एक माणूस नव्हता.

लेकीच्या विभागात एक सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ होते. सगळे त्यांना 'मडाला' म्हणत. झुलू भाषेत म्हणजे म्हातारा, पण आपण 'अण्णा' म्हणतो तशा सुरात. लेक नवीन नवीन लागली तेव्हा यांनीच तिला हाताशी धरून काम शिकवलं. कोणत्या गोदामाचा आकडा महिनाअखेरीस का चुकतो, कोणत्या गिऱ्हाइकाला फोनवर बोललेलं चालतं आणि कोणाला लेखीच लागतं, हे कुठल्याही संगणकात नव्हतं. त्यांच्या डोक्यात होतं. दोन तरुणांची जुंपली की ते चहाचा कप घेऊन मधे येऊन उभे राहत. काही बोलत नसत, म्हणे. नुसते उभे राहत.

त्याच वर्षी मे महिन्यात पंचावन्नच्या वरच्या चार जणांना कंपनीनं 'ऐच्छिक' योजना देऊ केली. (बघा, आला तो शब्द.) आपल्याकडे २०००-०१मध्ये सरकारी बँकांतून व्हीआरएस आली तेव्हा आमच्या घरातलेही दोघं असेच 'स्वेच्छेनं' बाहेर पडले होते, त्यामुळे मला ही इच्छा चांगली ओळखीची आहे. चौघं गेले. जूनमध्ये विभागात भांडणं सुरू झाली, माल चुकीच्या गोदामात जाऊ लागला, दोन जणांनी बोलणं टाकलं. जुलैत कंपनीच्या लक्षात आलं की टीममध्ये एकोपा कमी झालाय. आणि ऑगस्टमध्ये आम्ही ढोल बडवायला पिलानेसबर्गला!

याला काय म्हणावं? भिंतीतला दगड आपणच काढायचा आणि मग भिंत हलते म्हणून तिला टीशर्ट घालायचा.

शनिवारी संध्याकाळी कुंपणाच्या आत शेकोटीभोवती जेवण होतं. ज्या कुडूला सकाळी 'किती देखणा' म्हणालो तोच ताटात. माझा श्रावण, मी मक्याचं कणीस आणि पाव खात बाजूला बसले होते. आमचा गाइड, पन्नाशीचा त्स्वाना माणूस, शेजारी येऊन बसला. दुपारी आम्हाला एक मोठा दातवाला हत्ती रस्त्याच्या कडेला एकटा दिसला होता. मी विचारलं, हा कळपातून हाकललेला का? तेव्हा त्यानं जे सांगितलं ते असं.

क्रूगर अभयारण्यात पूर्वी हत्ती फार झाले म्हणून दरवर्षी काही मारत. त्यातली अनाथ पिल्लं १९८०च्या सुमारापासून पिलानेसबर्गमध्ये आणून सोडली. मोठा हत्ती हलवायची त्या काळी सोयच नव्हती, म्हणून नुसती पिल्लं. ती वाढली. नर वयात आले, आणि १९९२ ते १९९७ या काळात जंगलात पांढरे गेंडे मरून पडू लागले, चाळीसहून अधिक. आधी वाटलं चोरटे शिकारी असतील. पण शिंगं जागच्या जागी! मारत होते ते हे तरुण हत्ती. त्यांना वेळेच्या फार आधी मद येत होता आणि आला की फार काळ टिकत होता. १९९८मध्ये क्रूगरमधून सहा मोठे, प्रौढ नर आणून सोडले. त्यांनी कोणाला मारलं नाही, कुठे प्रशिक्षण दिलं नाही. ते नुसते तिथे होते. मोठा नर समोर आला की पोरांचा मद ओसरू लागला, आणि गेंडे मरायचे थांबले. २०००मध्ये हा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात छापून आला.

माझ्या हातातलं कणीस गार झालं. मला एकदम चहाचा कप घेऊन उभे राहणारे ते गृहस्थ आठवले, ज्यांना मी कधी पाहिलेलंही नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, मघाशी सिंहावरून बोध काढणाऱ्या ट्रेनरला नावं ठेवलीत आणि आता हत्तीवरून तेच करताय. कबूल आहे. मास्तरकीची खोड जात नाही. पण फरक आहे. त्याचा सिंह पडद्यावरचा होता. हे हत्ती त्याच जंगलातले, ज्या जंगलाचं भाडं कंपनीनं मोजलं होतं. आणि दोन दिवसांत एकाही सत्रात त्यांचं नाव निघालं नाही.

म्हातारा म्हणजे शहाणा असंही मी म्हणत नाहीये. मठ्ठ म्हातारे मी पुष्कळ बघितलेत, एक तर आरशात रोज. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही जुन्यांतले दोघं-तिघं नुसते तंबाखू मळत बसत. पण मला आठवी 'ब' सांभाळायला शिकवलं ते कुठल्या शिबिरानं नव्हे. शेजारच्या वर्गावर असलेल्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईंनी. त्या मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "तू ओरडतेस ना, तेव्हा ते जिंकतात." बस्स. आजही कोणी तावातावानं बोललं की मी आधी आवाज खाली आणते. हे ज्ञान त्या खोलीत होतं, कारण त्या बाई त्या खोलीत होत्या.

आणि सहलीत मजा आलीच नाही असंही नाही. बोलणं टाकलेले ते दोघं परतीच्या बसमध्ये एका फोनवर क्रिकेट बघत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चार लोक एकत्र जेवले की बरं वाटतंच. पण त्यासाठी ऑफिसच्या दिवशी, ऑफिसच्या वेळात, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला न्या की! आईला पोरापासून, लोकांना त्यांच्या सुट्टीपासून कशाला तोडता?

रविवारी सकाळी प्रत्येकाला एक कार्ड दिलं. जंगलानं मला काय शिकवलं ते एका ओळीत लिहा. घरच्यांनाही दिलं. मी पेन काढलं आणि माझ्या कच्च्यापक्क्या इंग्रजीत लिहायला घेतलं की जुने हत्ती परत आणा. लेकीनं माझ्या हातावर हात ठेवला. "आई, प्लीज. माझी नोकरी आहे."

मी कार्ड कोरं दिलं. तिनं तिच्या कार्डावर लिहिलं, 'एकत्र आपण बलवान'. आदल्या दिवशी हिनंच डोळे मिटून मागे पडून दाखवलं होतं, सगळ्यांच्या टाळ्यांत. आणि एक खरं वाक्य पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहायची हिला भीती.

सप्टेंबरअखेर, मी परत यायच्या आदल्या आठवड्यात, तिमाहीचा हिशेब जुळेना. रात्री साडेनऊपर्यंत पाच जण ऑफिसात. शेवटी लेकीनं मडालांना फोन लावला. ते नातीला झोपवत होते. दहा मिनिटांत सांगितलं की अमुक गोदामाचा परत आलेला माल दोनदा धरलाय, दर सप्टेंबरला होतं हे. याचे पैसे त्यांना कोणी दिले नाहीत आणि त्यांनी मागितलेही नाहीत. फोन ठेवताना विचारलं म्हणे, पिलानेसबर्गला गेला होता ना, हत्ती दिसले का?

यंदाचीही मेल आली आहे. या वेळी मादिक्वे अभयारण्य, पुन्हा जोडून आलेल्या सुट्टीतच. सहभाग ऐच्छिक. टीशर्टचं माप कळवायचं आहे. लेकीनं 'मीडियम' कळवलंय.