उघड्या अंगाचा हिशेब

या अंकाच्या मुखपृष्ठावरून आपल्याच पोरांत भांडण लागलं, ते बरंच झालं. मुखपृष्ठावर कोळशानं काढलेलं एका बाईचं चित्र आहे. बाई पन्नाशीची, स्टुलावर बसलेली, अंगावर चिंधी नाही. पोटाला घड्या, टाचांना भेगा. छापखानेवाल्यानं गठ्ठे पालथे करून ठेवले होते. चालायचंच, त्याच्याकडं लग्नपत्रिकांचं गिऱ्हाईक येतं. पण वस्तीतले दोन कार्यकर्ते आले आणि तोंडावर म्हणाले, 'आपल्या आयाबायांना ह्यांनी भर गावात नागवं केलं. आता कलेच्या नावानं तेच तुम्ही करणार काय?'

हा सवाल एखाद्या संस्कृतिरक्षकानं केला असता तर मी चहा पाजून त्याला वाटेला लावलं असतं. आपल्या माणसानं केलाय, तर उत्तर देणं भाग आहे.

आपली पिढी पेटली ती कशावरून? १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून बौद्ध बायांना नागवं करून मारलं. त्याच साली १५ ऑगस्टला 'साधने'त राजा ढाल्यांनी विचारलं की दलित बाईच्या अब्रूला दंड किती आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला किती. सगळा पांढरपेशा महाराष्ट्र चवताळून उठला, तो झेंड्यासाठी. पुढं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जबरीनं कपडे उतरवणं आणि नागवी धिंड काढणं हे गुन्हे स्पष्ट लिहावे लागले. ही कलमं कुणाला झोपेत सुचली नव्हती. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका घरातली चार माणसं संपवली, आणि भंडाऱ्याच्या कोर्टाला २००८ साली त्यात अ‍ॅट्रॉसिटी दिसली नाही.

दुसरी बाजूही आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडं कसं नेसायचं तेसुद्धा सांगितलं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि हातातले ते जडशीळ दागिने म्हणजे जातीची पाटी होती, ती उतरवा म्हणाले. आमच्या आज्ज्यांनी घोट्यापर्यंतचं लुगडं असं कमावलंय. त्रावणकोरात तर नाडार बायांना छाती झाकायचा हक्क मिळवायला दंगली सोसाव्या लागल्या. राजाचा जाहीरनामा निघाला १८५९ ला. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात चंद्रगुत्तीच्या रेणुकांबेपुढं भक्त नागव्यानं सेवा करीत, त्यात गोरगरीब खालच्या जातींच्या बायाच जास्त. १९८६ साली दलित संघर्ष समितीची पोरं ती सेवा थांबवायला गेली, तर जमावानं त्यांना आणि पोलिसांनाही मारून नागवं केलं. मग कुठं सरकारला बंदी सुचली. म्हणजे अंगभर कपडा ही आपल्याकडं फॅशन म्हणून आलेली नाही. ज्याला मुखपृष्ठ बघून संताप आला त्याचा संताप खोटा नाही, हे मी लिहून देतो.

इथवर मी त्या दोघांच्या बाजूला आहे. पुढं नाही.

कारण वरच्या प्रत्येक ठिकाणी कपडा कधी असावा, कधी नसावा हे दुसऱ्यानं ठरवलं. गावानं ठरवलं, राजानं ठरवलं, देवीच्या नावानं ठरवलं. बाईला कुणी विचारलं? आणि धिंड काढणारे उजळ माथ्यानं पंचायतीत बसले, तर जिची काढली तिनं जन्मभर पदर डोळ्यांवर ओढला. लाज वाटायला हवी होती त्यांना. ती आपण आपल्या बाईच्या अंगाला शिवून टाकली. अंगच विटाळाचं, हा कुणाचा धर्म? तो आपण महाडच्या तळ्यावर सोडून आलो ना!

बाबासाहेबांचं नाव निघालंच आहे तर पुढचंही ऐका. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढायचे. संततिनियमन, लैंगिक प्रश्न यावर बेधडक लिहायचे आणि मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापायचे. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराबद्दल बोलणं म्हणजे घाण, हे त्या माणसानं मान्य केलं नाही. आपण त्यांचा फोटो भिंतीला लावतो, जयंतीला डीजे लावतो. हा खटला मात्र कुणी सांगत नाही.

आता सोवळ्या मंडळींचं थोडक्यात. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींच्या 'लव्हर्स' चित्रावर पोलीस आले. पदमसी कोर्टातून सुटले. २०१७ साली चित्रशाळेत नग्न बसणाऱ्या बाईवरचा रवी जाधवांचा 'न्यूड' हा सिनेमा गोव्याच्या महोत्सवातून केंद्रीय मंत्रालयानं काढून टाकला. ज्यूरीनं निवडलेला सिनेमा! कस्टमवाल्यांनी सूझा आणि पदमसींच्या ७ कलाकृती अश्लील म्हणून अडकवल्या, त्या सोडवायला २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टाला सांगावं लागलं की प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं. नाशिकच्या कुंभात नागा साधू निघाले की हेच लोक हात जोडून उभे. तिथं नजर कशी चळत नाही?

पण या सगळ्या खटल्यांतली एक गोष्ट मला खुपते. चित्रकाराचं स्वातंत्र्य, प्रेक्षकाची रुची, समाजाची नीती यावर पानंच्या पानं खर्ची पडली. जी समोर बसते ती बाई त्यांत कुठंय? चित्राखाली सही चित्रकाराची. तिची मजुरी किती, कुणी विचारत नाही.

आमच्या वस्तीत एक मावशी आहे. चित्रशाळेत बसायला जाते. घरी सांगते, झाडूपोछाला जाते. चौथऱ्यावर तिच्या पावलांभोवती खडूनं रेघ मारतात, म्हणजे मधल्या सुट्टीनंतर परत त्याच रेघेत पाय ठेवायचे. वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. मी शहाण्यासारखं विचारलं, 'मावशे, पहिल्या दिवशी लाज नाय वाटली?' ती म्हणाली, 'वाटली की. दुसऱ्या दिवशी पाय आखडला, मग पायाचंच बघत बसले.' मग म्हणाली, 'पोरं चांगली हायत. मुंडी खाली घालून काढत्यात. पण बाहेर चहाच्या टपरीवर कोण वळखत नाय.'

हे तिनं खुशीनं केलं का? पोटासाठी केलं. जिला दुसरं बरं काम मिळत नाही तिच्या मर्जीचे गोडवे गाणारे कलावाले मला पटत नाहीत. पण धुणंभांडी, गटारसफाई, नाक्यावरची हमाली हे तरी आपली माणसं कुठं मर्जीनं करतात? त्या कामांसाठी आपण मजुरी मागतो, युनियन करतो. हिच्या कामाचं नाव निघालं की माना खाली. का? मावशी चोरी करत नाही. शरीर कसं असतं ते शिकवते. तिच्यावर हात बसवून पोरं चित्रकार होतात, मास्तर होतात, पेन्शन घेतात.

म्हणून चित्रशाळांकडं आमचं मागणं साधं आहे. बसण्याच्या तासांचा दर कागदावर लिहा. कपडे बदलायला आडोसा आणि दाराला आतून कडी द्या. मोबाइल वर्गाबाहेर ठेवा, कारण कोळशाचं चित्र वहीत राहतं, फोटो गावभर फिरतो. पाठ गेली, गुडघे गेले तर औषधपाण्याचं बघा. नको म्हणाली तर त्या दिवसाची मजुरी कापू नका.

मावशीचे तीन महिन्यांचे पैसे अडकलेत. विचारलं तर क्लार्क म्हणतो, बिल वर गेलंय.